नऊघरीचा नांगर

विट्याहून निघालेली गाडीवाट दोन कोस सरळ चालते, माळाच्या पायथ्याला खालच्या गावात शिरते आणि तिथंच संपते. पुढं वर चढायला आहे ती पायवाट, तीही शेरडांनी पाडलेली. धापा टाकत वर आलं की नऊ घरं दिसतात. म्हणून नाव नऊघरी. इथं देऊळ नाही, शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड आहे. चावडी नाही, केरबातात्याच्या दारापुढचा कट्टा आहे. न्हावी, वाणी, लोहार सगळे खाली. पण नऊघरीच्या माणसाला विट्याच्या बाजारात कुणी गाव विचारलं, तर तो खालच्या गावाचं नाव कधी घेणार नाही. 'नऊघरी' म्हणेल, आणि विचारणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर त्याच्याकडं असं बघेल, की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपलंच काहीतरी शिकायचं राहिलं.

एवढा ताठा कशाचा, असं खालच्या गावाला नेहमी वाटे. जमीन बरड, पाणी खाली ओढ्याकाठच्या विहिरीत. नवांपैकी आठ घरी एकेक बैल. जोडी अशी कुणाच्याच दावणीला नाही. नववं घर याकूब पखालीचं. त्याच्याकडं बैल नव्हता, रेडा होता. रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल घालून याकूब त्या विहिरीचं पाणी वर आणी आणि घरोघरचे रांजण भरी. आठ बैल एकत्र जुंपले की वाडीचा लोखंडी नांगर चाले. एक कमी झाला की नांगर उभा. म्हणून दर उन्हाळ्यात पैरा धरायचा. पूर्वेच्या घरापासून सुरुवात, पश्चिमेच्या घराशी शेवट, सगळ्यांचं रान सगळ्यांनी मिळून नांगरायचं. इथंही भांडणं होत, चांगली शेलक्या शिव्यांची होत, पण अबोला चैत्रापर्यंतच टिके. त्यापुढं तो टिकवणं कुणालाच परवडत नसे.

पश्चिमेचं शेवटचं घर राहीबाईचं. तिचा नवरा गुंडा तीन वर्षांमागं पलटणीत गेला होता. वाडीतली आणखी चार माणसं गेली होती. गुंड्याचं पत्र येई तेव्हा तो कुठं आहे ती ओळ नेमकी काळी केलेली असे. घरात ती आणि गुडघ्यांनी अधू झालेली सासू बनुबाई, दोघीच. माणसं कमी झाल्यामुळं नांगर हळू चालला, आणि गेली दोन्ही सालं पाळी राहीबाईपर्यंत पोहोचायच्या आत पाऊस आला. रानात हरळी माजली. नुसतं कुळवून पेरलेली बाजरी हरळीनं गिळली. यंदा, चव्वेचाळीस सालच्या चैत्रात, केरबातात्या आपण होऊन म्हणाला होता, "राहे, तुझं रान आदी घिऊ."

"नगं, तात्या. रांग मोडायची न्हाई. माज्यापायी तर न्हाईच न्हाई," ती म्हणाली होती.

पण माधवनगरला तिचा थोरला भाऊ लालासाहेब कापडाच्या गिरणीत होता, त्याला तिनं निरोप धाडला होता. यंदाही रान पडून राहिलं तर मी दार लावून तिकडं येईन. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

सोळा दिवस नांगर चालला. वळीव आला नाही. शेवटून दुसरी पाळी याकूबच्या तुकड्याची. ती आटोपली त्या दिवशी दुपारी बैल सोडताना केरबातात्यानं राहीबाईच्या बैलाच्या, सोन्याच्या, मानेवरून हात फिरवला आणि हात तसाच ठेवला.

"ही काय गं?"

 सोन्याचा खांदा भाकरीएवढा सुजला होता. मधोमध कातडं फाटून आत लालभडक दिसत होतं, आणि त्यावर हळद-तेलाचा थर होता. म्हणजे आजचा नव्हता.

"कवापास्नं?"

"सात दिस झालं."

"सात दिस! आन् तू रोज हळद लावून जुपाय आनत हुतीस?" केरबातात्याचा आवाज चढला. "पैऱ्यात बैलाला दोन दिस इसावा देता येतो, ही तुला ठावं न्हाई? आमी काय मेलो हुतो?"

"समद्यांच्या घरचा गडी हाय, तात्या. न्हाई तर निदान म्हातारा तरी हाय. माज्याकडनं ह्यो येकटा बैलच हुता. त्योबी बसवला आसता तर म्या कोनत्या तोंडानं पाळी घेतली आसती?"

"आता कोनत्या तोंडानं घेतीस?" तात्या म्हणाला आणि लगेच त्याला आपण बोललो त्याचं वाईट वाटलं. पण शब्द बाहेर पडला होता. राहीबाईनं सोन्याचा कासरा धरला आणि ती घराकडं चालू लागली. खरं सांगायचं तर तिला स्वतःचाच राग आला होता. मुक्या जनावराला तिनं आपल्या मानापायी सात दिवस रगडलं होतं, आणि ज्या रानासाठी रगडलं तेच आता पडून राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी सहा बैलांवर करून बघितलं. सातवा बैल जोडीदाराविना बांधावर उभा. केरबातात्यानं नांगराच्या मुठीवर, रुमण्यावर, सगळा भार दिला, फाळ रानात गेला, दहा पावलं चालला आणि थांबला. खाली हरळीच्या काशा, चिवट मुळ्या, अशा गुंतल्या होत्या की फाळाला पुढं सरता येईना. बैलांचे पाय जागच्या जागी घसरू लागले. तात्यानं हाळी दिली, बैलांनी माना खाली घालून नेट लावला, आणि साखळीची कडी तटकन तुटली. तात्या पुढं गुडघ्यावर आपटला. उठला तेव्हा गुडघ्यातून रक्त येत होतं आणि तो कुणाकडंच बघत नव्हता.

"आठ पायजेत," एवढंच तो म्हणाला.

आठवा बैल मागायचा तर खालच्या गावात हंबीररावांकडं. त्यांच्या दावणीला चौदा बैल. नऊघरीनं आजवर खालच्या गावाकडं मीठसुद्धा उसनं मागितलं नव्हतं. तात्यानं पटका बांधला, राहीबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोघं माळ उतरले.

हंबीरराव गोठ्यात बैलांना नाल मारून घेत होते. बैल आडवा पाडलेला, चौघांनी धरलेला. हंबीररावांनी दोघांना बघून मान हलवली आणि ते पुन्हा नालाकडं बघू लागले. तात्या उन्हात उभा राहिला. राहीबाई ओट्याच्या कडेला, पायरीखाली बसली. दुसऱ्या बैलाचे चार खूर झाले, तिसऱ्याचे झाले. मग तात्याला पितळेच्या तांब्यातून ताक आलं. राहीबाईला आलं नाही. तात्यानं तांब्या तोंडाला न लावता खाली ठेवला.

"बैल द्यायला काय, येक कशाला, चार देतो," हंबीरराव शेवटी म्हणाले. ते तात्याशी बोलत होते. राहीबाई तिथं नव्हतीच जणू. "गडीबी देतो. पन मग ती रान माज्याकडं वाट्यानं ऱ्हाऊ द्या. नायतरी बाई माधवनगरला चालली म्हनं."

तात्यानं ताकाचा तांब्या आणखी लांब सारला.

"मी वंगाळ सांगत न्हाई, केरबा. तुमीबी समदी आता खाली या. गावठानात जागा देतो. त्या माळावर काय ठिवलंय? आठ घराची कसली वाडी नि कसलं काय?"

"नऊ," राहीबाई म्हणाली.

आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती. हंबीररावांनी तिच्याकडं बघितलं.

"नऊ घरं हायती, आबा," ती उठून म्हणाली. "चला, तात्या."

 अर्ध्या चढावर तात्या दम खायला थांबला आणि म्हणाला, "आगं, पर आता करायचं काय?"  नऊ म्हणायला तोंड लागतं, पण नांगराला बैल लागतो, हे तिलाही कळत होतं. घरी गेल्यावर बनुबाईनं विचारलं, "दिला का?" आणि राहीबाईनं नुसती नकाराची मान हलवली. म्हातारी कपाळाला हात लावून बसली नाही. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, "बरं झालं. त्येंच्या बैलाला आमची वैरन पचली नसती."

संध्याकाळी कट्ट्यावर सगळे जमले होते. याकूब शेवटची खेप टाकून आला. उंच, वाकलेला माणूस. पखालीनं त्याचं एक अंग कायमचं ओलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बिडी पेटवली आणि म्हणाला, "माजा नवाब जुपा की."

नवाब म्हणजे रेडा. कट्ट्यावर आधी कुणाला कळलं नाही, मग सगळे एकदम हसले.

"बैलाच्या शेजारी रेडा? आरं, चाल तरी जमंल का त्येंची?" एकानं विचारलं.

"खालचं गाव धा वरीस हसंल," दुसरा म्हणाला. "नऊघरीच्या नांगराला रेडा!"

"त्ये आताबी हसत्यातच," केरबातात्या म्हणाला. तो हसला नव्हता. गुडघा चोळत तो याकूबकडं बघत होता. "रेडा ताकदीचा हाय. पन उनात काम करतोय व्हय त्यो? जीब भाईर काडून बसंल."

"पाटेपास्नं ऊन चढंपतूर जुपायचा. मग सांजच्या पारी. आन् मधनं मधनं आंगावर पानी वतायचं."

"पानी आननार कोन? नवाब नांगराला, मग पखाल काय तू पाटीवर घेनार?"

याकूबनं बिडी विझवली. ह्याचा त्यानं विचार केला नव्हता. तेवढ्यात भिंतीआडून त्याची बायको साबेरा बाहेर आली. बायकांनी कट्ट्यावर बोलायची इथं रीत नव्हती, पण साबेराला रीतभात सांगायची हिंमत याकूबलाही नव्हती.

"आमी आननार," ती म्हणाली. "आठी घरच्या बाया हायती, म्या नववी. येवडी वरसं रेड्यानं आमास्नी पानी पाजलं, आता तीन दिस आमी रेड्याला पाजू. त्यात काय जातंय?"

राहीबाई कडेला उभी होती. ती पुढं आली. "साबेराभाबी, माज्या रानासाटनं समद्यांच्या डोईवर घागरी नगंत. म्या कुनाचं कवा फेडू?"

"वैनी, तुमच्या रानासाटनं कोन म्हनलं?" याकूब म्हणाला. "माजं रान नांगारलं तवा माज्याकडनं बैल हुता का? तुमचा सोन्या हुता. त्येचा सुजल्याला खांदा माज्या रानात फुटलाय."

 तात्यानं सकाळची वेळ सांगितली आणि बैठक उठली.

तुटलेल्या कडीच्या जागी दुसरी घालून तांबडं फुटायच्या आत नांगर रानात आला. रेड्याची मान बैलापेक्षा खाली, वर वशिंड नाही, जू बसेना. साबेरानं वाकळेचा तुकडा आणला, तो तात्यानं जुवाला गुंडाळून बांधला. नवाबला नांगराजवळच्या जोडीत घेतला आणि त्याच्या शेजारी तात्याचा म्हातारा, शहाणा बैल. तरी पहिला तासभर नुसता तमाशा झाला. पुढचे बैल रेड्याच्या वासानं बुजले. एकानं जू टाकलं. नवाबला नांगर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आजवर पाठीवर ओझं घेऊन चालायची सवय, मागून ओढ लागली की तो थांबून मागं बघे. तात्या शिव्या देई, याकूब त्याच्या तोंडाशी उभा राहून सांगे, "चल बेटा, चल मेरे नवाब, पीछू क्या देखता?" पुढच्या जोडीला राहीबाई होती. कासोटा घट्ट मारलेला, हातात चाबूक, अनवाणी पायात हरळीची खोडं टोचत होती. चौथ्या खेपेला बैलांनी ओढ घेतली, नवाबनं काय मनात आणलं कोण जाणे, मान खाली घातली आणि एकदाच छाती पुढं टाकली. जमीन फाटल्याचा आवाज झाला. फाळाखालून घागरीएवढं ढेकूळ उलथलं, खालून काळी ओल असलेली माती वर आली, आणि काशांचे झुबके लोंबू लागले.

"सोडू नगंस!" तात्या ओरडला. "राहे, पुढं बगून चल! थांबू नगंस!"

ती थांबली नाही. बांधापर्यंत नांगराचं सलग तास गेलं. वळताना तिनं मागं बघितलं. दोन सालं जे रान तिच्याकडं बघून हसत होतं, त्याच्या मधोमध सरळ, खोल, काळं तास पडलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते चाबकाच्या मुठीनंच पुसलं.

खालून बायका येत होत्या. डोईवर दोन दोन घागरी, अर्ध्या कोसाचा चढ. एक घागर रांजणाला, एक नवाबला. रेडा बांधाशी आला की दोघी तिघी त्याच्या पाठीवर पाणी ओतत आणि तो डोळे मिटून घेई. "नवऱ्या मुलाला न्हाऊ घालाय लागलोय," कुणी तरी म्हणालं आणि हसण्याचा गलका झाला. बनुबाई बांधावर सरकत सरकत आली होती. तिनं बसल्या जागी पोचतील तेवढ्या ढेकळांतून काशा उपटल्या आणि शेजारी ढीग लावला. ऊन चढलं की नांगर सुटे, सावल्या लांबल्या की पुन्हा जुंपे. राहीबाईच्या तळपायांना भेगा पडल्या, हातांना फोड आले. रात्री भाकरी थापताना पीठ फोडांत शिरून चरचरे, पण तिनं त्या दिवसांइतकी भूक कधी पाहिली नव्हती.

बातमी खाली गेलीच. दुसऱ्या दिवशी हंबीरराव घोड्यावरून आले, मागं चारपाच रिकामी माणसं. बांधावर थांबून त्यांनी नांगर बघितला, रेडा बघितला. मागचे हसू लागले.

"म्हातारे," हंबीरराव बनुबाईला म्हणाले, "रेड्यानं नांगारलेल्या रानात पिकायचं काय?"

"पिकलं की भाकरी धाडती, आबा," बनुबाईनं काशा उपटताना मानसुद्धा वर केली नाही. "खाऊन बगा. आन् गोड लागली तर म्होरच्या साली रेडा मागाय या. आमी उनात उबं करनार न्हाई."

मागचं हसणं बंद झालं. हंबीररावांनी खाली वाकून ढेकळांकडं बघितलं. शेतकरी माणूस, चांगली नांगरट समोर दिसत असताना वाईट म्हणणं त्यांच्या तोंडून येईना. घोडं वळवून ते गेले.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना लालासाहेब आला. अंगात कोट, पायात वहाणा, डोक्यावर काळी टोपी. चढ चढून घामाघूम झाला होता. बहीण चाबूक घेऊन बैलांपुढं चालताना बघून तो बांधावरच थबकला.

"राहे, सोमवारपास्नं कांड्या भरायच्या खात्यात तुजं नाव लागलंय," तो मोठ्यानं म्हणाला. "खोलीबी बगितलीया. नळाचं पानी हाय, दारात."

"तास संपू दे, दादा," ती म्हणाली आणि पुढं गेली.

नळाचं पाणी. चालताना तिच्या मनात तेवढंच राहिलं. दारात पाणी, डोईवर घागर नाही, आठवड्याला हातात मजुरी. भाऊ खोटं बोलत नव्हता. रान नांगरलं म्हणून पाऊस पडेलच असं थोडंच होतं? आणि गुंडा परत येईल का, ह्याचाही कुणी शब्द दिला नव्हता. भाऊ सासूशेजारी बसला, त्याचं तिला ऐकू येत होतं. "मावशी, तुमीबी चला." आणि बनुबाईचं: "तिला मी अडवनार न्हाई, बाबा. ल्येक हाय ती माजी. पर मी काय येत न्हाई."

सूर्य माळाच्या कडेला टेकला तेव्हा शेवटचं तास पडलं. केरबातात्यानं रुमणं सोडलं आणि हात झटकले. याकूबनं नवाबची मान सोडवली, त्याच्या खांद्याखाली हात घालून बघितलं. फोड नव्हता. सगळं रान काळ्या ढेकळांनी भरलं होतं, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत. त्यातून चालणंही अवघड. वाडीची सगळी माणसं, बाया, म्हातारे बांधावर येऊन उभे राहिले होते.  बघत होते. नऊच्या नऊ रानं नांगरून झाल्याला तीन वर्षं लोटली होती.

"चला, उचला नांगर," तात्या म्हणाला. "माज्या गोठ्यात घ्या."

पैरा संपला की नांगर एका घरी ठेवायचा, वर्षभर. ज्या घरी नांगर, त्या घरचं दार बंद राहता कामा नये. कुणाला फाळ लागतो, कुणाला साखळी, कुणाला जू, कुणीही कधीही येणार. गडी माणसं पलटणीत गेल्यापासून तो केरबातात्याकडंच असे.

"तात्या," राहीबाई म्हणाली, "औंदा नांगर माज्या सोप्यात ऱ्हाऊ दे."

तात्यानं तिच्याकडं बघितलं, मग बांधावर उभ्या असलेल्या लालासाहेबाकडं.

"राहे, नांगराच्या घराला वरीसभर कडी लावता येत न्हाई."

"ठावं हाय."

"आन् म्होरच्या साली नांगर त्या घरनंच भाईर निगतो. जुपणीच्या दिशी समद्यांना भाकरी त्या घरची."

"घालीन की. जवारीची घालीन, नायतर बाजरीची. पर घालीन."

तात्या आणखी काही बोलणार होता, पण राहीबाई थांबली नाही. तिनं वाकून नांगराचं लोखंडी रुमणं धरलं. दुसऱ्या बाजूला साबेरा येऊन उभी राहिली. दोघींनी नांगर उचलला, चार पावलं नेला, टेकवला, पुन्हा उचलला. गडी माणसं पुढं झाली तसा तात्यानं हात आडवा धरला. "जाऊ द्या त्येस्नी," तो म्हणाला. ढेकळांतून, पायवाटेनं, शेवटच्या घराच्या अंगणापर्यंत नांगर तसा गेला. मागून सगळी वाडी चालत होती. बनुबाईला दोघींनी खांद्यांवर हात टाकून आणलं होतं.

दाराशी आल्यावर साबेराचा हात सुटला. नांगराचं टोक खाली आलं. लालासाहेब जवळच होता. त्यानं कोट काढून तुळशीजवळच्या दगडावर ठेवला आणि साबेराच्या जागी येऊन फाळाकडची बाजू धरली.

"म्हंजी तू येत न्हाईस," तो हळूच म्हणाला.

राहीबाई पाठमोरी उंबरा ओलांडत होती. दोन्ही हातांत नांगराचं वजन होतं आणि फोडांतून रक्त येत होतं.

"दादा, तुज्याकडनं जरा वर उचल," ती म्हणाली. "उंबऱ्याला लागतंय."